तुळशीराम नळवाल्याच्या वाटेने उत्तनपर्यंत

लोक प्रवासवर्णन लिहितात ते काश्मीरचं, केरळचं, फारच झालं तर बालीचं. मी नवघरहून उत्तनला जाऊन आले, त्याचं लिहितेय. दोन्ही गावं एकाच महापालिकेच्या हद्दीत. आमच्या ह्यांनी मला बॅग भरताना पाहिलं तेव्हा पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"उत्तनला जायला बॅग कशाला? रिक्षा केलीस तर पाऊण तासात पोचशील."

"पाऊण तासात पोचायचं नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुन्हा पेपरात शिरले. तीस वर्षांच्या संसारात कुठे विचारायचं थांबावं हे माणसाला कळतं. तुम्हाला मात्र सगळं सांगते. तुम्ही ह्या वाटेने गेला नसाल, आणि गेला असाल तरी मोबाइलमध्ये मान घालून गेला असाल.

नवघर

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. मी दुसऱ्यावर. वहिनी गेल्या श्रावणात गेली. त्यानंतर काही दिवस दादा दूध आणायला तरी खाली उतरायचा, मग तेही बंद झालं. मी दुपारी डबा घेऊन वर जायचे आणि संध्याकाळी अर्धा भरलेला डबा खाली आणायचे. "भूक नाही गं सुमे," एवढंच बोलणं. एरवी हा माणूस स्वतःचं ताट संपवून दुसऱ्याच्या ताटातली कोलंबी उचलणारा. स्पष्टच लिहिते, माझा भाऊ हळूहळू जगणं सोडून देतोय असं मला वाटायला लागलं होतं, आणि मला त्याची फार भीती वाटत होती.

आता एका पुस्तकाबद्दल सांगायला हवं. 'तुळशीराम नळवाला अंतराळात' असं त्याचं नाव. आम्ही गिरगावात राहायचो तेव्हा गल्लीतलं एक वाचनालय बंद पडलं आणि पुस्तकं रद्दीत निघाली, त्यातून बाबांनी हे उचललं. मी अकरा वर्षांची, दादा सतराचा. लेखकाचं नाव असलेलं पान फाटलेलं होतं, त्यामुळे ज्याने आम्हाला इतकं हसवलं त्याचं नाव आम्हाला आजही माहीत नाही. तुळशीराम हा चाळीतला नळ दुरुस्त करणारा. गच्चीवरची टाकी साफ करायला आत उतरतो, वरून झाकण बसतं आणि टाकी आकाशात निघते. मग हा ग्रहामागून ग्रह फिरतो. हातात पान्हा, आणि सगळीकडे एकच प्रश्न, "हे सगळं नक्की कशासाठी चाललंय?" एका ग्रहावर सगळे रांगेत उभे असतात, कशासाठी ते कुणालाच ठाऊक नसतं. एका ग्रहावर चालायची सोय नसते, सगळे एकमेकांना रस्ता सांगत बसलेले असतात. शेवटच्या ग्रहावर एक म्हातारी चुलीपाशी असते. तुळशीराम तिला विचारतो, हे सगळं कशासाठी? म्हातारी म्हणते, "बस. आधी दोन घास खा. मग सांगते."

हे पान एकशेबारा. पान उलटलं की येतं पान सत्त्याण्णव. तुळशीराम पुन्हा टाकीत, पुन्हा झाकण उघडतोय, पुन्हा सोळा पानांचं सगळं तेच, आणि पुन्हा म्हातारी म्हणते, मग सांगते. पुस्तक संपलं.

बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि लगेच ओळखलं. सोळा पानांचा एक फर्मा असतो. बाइंडरने सातवा फर्मा दोनदा उचललाय आणि आठवा राहून गेलाय. "दुसऱ्या प्रतीत असेल शेवट," ते म्हणाले. मी हसत सुटले होते. दादा मात्र रडकुंडीला आला होता, सतरा वर्षांचा घोडा.

पुढे दादा नोकरीला लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसात तुळशीरामची गोष्ट रंगवून सांगत होता, तर टायपिंगच्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली, "मी वाचलंय ते. उत्तनला आहे माझ्या घरी." दादा उडालाच. "शेवट काय आहे?" ती म्हणाली, "सांगीन कधीतरी."

ती फिलोमिना, आमची वहिनी. उत्तनच्या कोळीवाड्यातली ख्रिश्चन मुलगी आणि आम्ही मूळचे रत्नागिरीचे. दोन्हीकडे व्हायचा तो तमाशा झाला आणि मग लग्न झालं. दादा सगळ्यांना सांगायचा, मी हिच्याशी शेवटासाठी लग्न केलंय. तेहेतीस वर्षं तो विचारत होता. ती माहेरी गेली की पुस्तक आणायला विसरायची. कधी म्हणायची वाळवी लागली, कधी म्हणायची बहिणीने कुणाला तरी वाचायला दिलंय. भांडण झालं की दादा म्हणायचा, "आज तरी सांग!" आणि भांडण तिथेच मोडायचं. हॉस्पिटलातसुद्धा त्याने विचारलं होतं. वहिनी म्हणाली, घरी गेल्यावर. ती घरी आलीच नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी मी डबा घ्यायला वर गेले तर दादा ते पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. डबा उघडलेलाच नव्हता.

"तिने सांगितलंच नाही, सुमे," तो म्हणाला.

मी खाली आले आणि वहिनीच्या थोरल्या बहिणीला, लुसीबायला फोन लावला. "ट्रंक हाय ना वर माळ्यावर," ती म्हणाली. "तिची सगली पुस्तकं हायेत. कुनी हात न्हाय लावला."

दादाला हे सांगितलं तर तो आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, रिक्षाने नको. तुळशीराम कुठे पटकन पोचतो?

खाडीकडे

शनिवारी सकाळी निघालो. दादाने कितीतरी दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो अंगावर ढगळ झाला होता. खांद्याला शबनम पिशवी, त्यात आमची प्रत. नवघरच्या जुन्या गावातून मुद्दाम गेलो. टॉवरच्या सावलीत अजून दोन-चार कौलारू घरं आहेत, दारात तुळस, तुळशीवर वरच्या बाल्कनीतून कुणाच्या तरी धुतलेल्या कपड्यांचं पाणी ठिबकत होतं. दादा थांबला. "बघ, गळतंय," तो म्हणाला. हे तुळशीरामचं वाक्य. प्रत्येक ग्रहावर उतरला की तो हेच म्हणतो. मला फार बरं वाटलं.

रेल्वेच्या पुलावरून भाईंदर पश्चिमेला उतरलो. बसथांब्यावर भली मोठी रांग होती. आम्ही शेपटाला उभे राहिलो. पुढे एक गुजराती बाई, हातात भाजीची पिशवी.

"ये उत्तन का लाइन है ना?" मी विचारलं.

"पता नहीं, बेन. मैं तो चौक जा रही हूँ. सब खड़े थे तो मैं भी खड़ी हो गई."

मी दादाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही तुळशीरामच्या रांगेच्या ग्रहावर उतरलो होतो. पुढचा माणूस म्हणाला, ही रांग आधारच्या कॅम्पची आहे. त्याच्या पुढचा म्हणाला, छे, बसचीच आहे. तेवढ्यात बस आली आणि रांग होती की नव्हती हे कुणालाच आठवलं नाही. कशीबशी खिडकी मिळाली. दादा काचेला डोकं टेकवून बाहेर बघत राहिला.

मिठागरं

भाईंदर सुटलं की शहर एकदम बोलायचं थांबतं. मुर्धा, राई, मोर्वा ही एकामागोमाग एक गावं, आणि त्यांच्या मागे खाडीपर्यंत पसरलेली मिठागरं. बांधांनी आखलेले चौकोन, त्यात इंचभर पाणी, आणि त्या पाण्यात आख्खं आभाळ. राईजवळ आमची बस दोन आचके देऊन बंद पडली. ड्रायव्हर उतरला, खाली वाकला, वर आला आणि म्हणाला, "दुसरी येईल मागून." कधी, ते त्याने सांगितलं नाही.

उतरताना दादाच्या चपलेचा अंगठा तुटला. फरपटत तो रस्त्याकडेच्या एका घरापाशी गेला. अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होती. तिने चप्पल बघितली, दादाला बघितलं, आत जाऊन गुलाबी रबरी सपाता आणल्या.

"माझ्या सुनेच्या हायेत. घाला. परत जाताना द्या."

"आणि नाही दिल्या तर?" दादाने विचारलं.

"न्हाय दिल्यात तं तुमच्या पायात र्‍हातील, कुठं जातील?"

आमच्याकडे अनोळखी माणसाने पाणी मागितलं तर आधी दाराची साखळी लागते, मग पाणी येतं. मला जरा स्वतःचीच लाज वाटली. आम्ही तिच्या घरामागून बांधावर गेलो आणि बसलो. ऊन होतं पण बोचत नव्हतं. दूर दोन माणसं लांब दांड्याच्या फळीने पाण्यातून मीठ ओढत होती. बगळे अगदी जवळ येऊन उभे होते. पाण्यातलं आभाळ इतकं स्वच्छ होतं की आपण बांधावर बसलोय की ढगांच्या मधल्या एखाद्या पट्टीवर, हे कळेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मागून दुसरी बस आली, थांबली, गेली. आम्ही दोघांनीही ती पाहिली आणि कुणीच उठलं नाही.

"सुमे," दादा म्हणाला, "मला जायचं नाहीये."

"का रे?"

"आमच्या दोघांत एवढंच राहिलंय आता. बाकी सगळं उरकलं. बँकेत नाव बदललं, कपडे देऊन टाकले, तेही तूच दिलेस. हा शेवट तेवढा तिच्याकडून यायचा राहिलाय. तो वाचला की संपलं. मग ती माझं काहीच देणं लागत नाही."

गुलाबी सपातांत त्याचे ते मोठे पाय बांधाखाली लोंबत होते. मला लहानपणासारखं हसूही येत होतं आणि रडूही. शेवटी मी म्हटलं, "लुसीबायने जेवण करून ठेवलंय. निदान जेवायला तरी चल."

"भूक नाही," तो म्हणाला. पण उठला.

उत्तन

उत्तन डोळ्यांआधी नाकाला कळतं. वास आला की पुढच्या वळणावर समुद्र. किनाऱ्यावर बांबूच्या उंच वलांड्या उभ्या होत्या, म्हणजे मासे वाळवायचे मांडव, आणि त्यांच्या आडव्या दोऱ्यांवर हजारो बोंबील. वाऱ्यावर सगळे एकदम हलायचे. उन्हात त्यांच्यातून पलीकडचं पाणी दिसत होतं.

लुसीबाय दारातच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, लुगडं, कपाळ मोकळं, आवाज चर्चच्या घंटेपर्यंत पोचणारा.

"आयलास जावय? ह्या काय पायात? माझ्या बहिनीच्या मागारी बायकांच्या सपाता घालतोस?"

दादा ओशाळून हसला. तिने त्याला जवळ घेतलं आणि हाताला धरून घरात नेलं.

आत भिंतीवर मेरीमातेची तसबीर, खाली मेणबत्ती, आणि शेजारी वहिनीचा फोटो. आमच्या घरी तिच्या फोटोला हार असतो, इथे मेणबत्ती होती. फोटोही वेगळा. आमच्याकडचा पैठणीतला, इथला पांढऱ्या फ्रॉकमधला, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. दादाने हात जोडले, मग घुटमळला, मग तसाच उभा राहिला. ही मुलगी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

जेवायला तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण होतं. दादाने अर्धी भाकरी खाल्ली आणि हात धुतले. लुसीबायने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ट्रंकेचं नाव त्याने काढलं नाही. "उद्या बघू," म्हणाला आणि किनाऱ्यावर जाऊन बसला.

रविवारी लुसीबाय पहाटेची प्रार्थना उरकून आली तेव्हा मासळी आलेली होती. मी तिच्याबरोबर वलांडीपाशी गेले. दादाही मागून आला आणि उलट्या टोपलीवर बसला. बोंबील टांगायची तिथली रीत मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या रत्नागिरीकडे मी बोंबील बघितला तो वाळलेला, कागदात गुंडाळलेला. इथे दोन बोंबील घेतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक ह्या बाजूला, एक त्या. लुसीबायचा हात असा चालत होता की मला एक जोडी जमेपर्यंत तिच्या वीस झाल्या होत्या.

टोपलीत शेवटी एक उरला. दादा तो बघत होता.

"ह्याला कसं टांगणार?" त्याने विचारलं.

"एकला टांगता येत न्हाय. पडतं खाली."

"मग?"

"मंग काय? त्याला वालवायचा न्हाय. ताजाच तव्यावर टाकायचा." तिने तो बोंबील बाजूला ताटलीत ठेवला. "जा आता वर. ट्रंकेला कुलूप न्हाय."

दादा उठला. मी त्याच्याबरोबर जायला निघाले तर लुसीबायने माझा पदर धरला. तो एकटाच शिडी चढला. मी खाली बसून राहिले. वर ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज नाही. समुद्र, कावळे, कुणाच्या तरी घरातला कोकणी गाण्यांचा रेडिओ. पुस्तक नसेल तर? शेवट फालतू निघाला तर? म्हातारी काहीतरी उपदेश करत असेल आणि वहिनीने तेहेतीस वर्षं तोच राखून ठेवला असेल तर?

आणि मग वरून हसण्याचा आवाज आला. मला आधी वाटलं तो रडतोय. पण नाही, दादा हसत होता. गिरगावातल्यासारखा, धाप लागेपर्यंत, भिंतीवर हात आपटत. लुसीबायने क्रुसाची खूण केली. "येडा झाला का काय?"

तो खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, शर्टाला माळ्यावरची जळमटं लागली होती. चुलीजवळ येऊन मांडी घालून बसला.

"लुसीबाय, तो उरलेला बोंबील तळला का?"

"तव्यावर हाय."

"द्या. आणि भाकऱ्या दोन करा."

"दादा," मी म्हटलं, "होतं पुस्तक?"

"होतं."

"शेवट?"

त्याने बोंबलाचा काटा सावकाश काढला, ताटलीच्या कडेला ठेवला. माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात वहिनी होती, अगदी तिचीच ती तिरकी नजर.

"सांगीन कधीतरी," तो म्हणाला.

त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजत बसले नव्हते, लुसीबायनेच नंतर सांगितलं.

मग तो गुलाबी सपाता घालून किनाऱ्यावर फिरायला गेला. पुस्तक फळीवर होतं. मी सभ्य बाई आहे, कुणाची पत्रं वाचत नाही. पण हे पुस्तक आहे, असं मनाला बजावलं आणि उघडलं.

आमच्या प्रतीसारखंच पिवळं पडलेलं. लेखकाच्या नावाचं पान होतं, पण त्यावर पेन्सिलीने इतकं गिरगटलं होतं की नाव वाचता आलं नाही. मी घाईघाईने शेवटाकडे गेले. पान एकशेबारा. म्हातारी म्हणते, बस, आधी दोन घास खा, मग सांगते. पान उलटलं.

पान सत्त्याण्णव.

तोच सातवा फर्मा, दोनदा. त्या बाइंडरने एक प्रत नाही, गठ्ठाच्या गठ्ठा तसा बांधला असणार. वहिनीलाही शेवट माहीत नव्हता. तिला कधीच माहीत नव्हता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका हसऱ्या माणसाशी बोलायला तिच्याकडे एवढंच होतं, आणि त्यावर तिने तेहेतीस वर्षं काढली. शेवटच्या पानाखाली, 'मग सांगते'च्या पुढे, शाळकरी मुलीच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: कवा?

मी पुस्तक होतं तसं फळीवर ठेवलं. बाहेर आले तर लुसीबाय वलांडीखाली उभी राहून माझ्याकडेच बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"माना वाचता कुटं येतं, बाय?" ती म्हणाली आणि बोंबलांकडे वळली. मला ते अजूनही पूर्ण खरं वाटत नाही.

परत नवघर

परतीच्या वाटेवर राईला उतरून सपाता दिल्या. त्या बाईने दादाला ताक दिलं. रस्त्यावरच्या चांभाराने अंगठा शिवेपर्यंत दादा अनवाणी उभा राहून त्याला तुळशीरामची गोष्ट सांगत होता. चांभाराने शेवट विचारला. दादा म्हणाला, पुढच्या वेळी चप्पल तुटली की सांगेन.

मी पुस्तक उघडलं होतं हे त्याला सांगितलं नाही. आजपर्यंत बोललेले नाही. दादाला वाटतं फक्त त्यालाच माहीत आहे. वहिनीचं गुपित आता त्याच्याकडे आहे आणि तो ते जपतोय, त्यासाठी रोज खाली उतरतोय, भाजी आणतोय, इमारतीतल्या मुलांना खालच्या बाकावर गोळा करून टाकीची गोष्ट सांगतोय. दर चार दिवसांनी मी एकदा शेवट विचारते. विचारायचं मुळीच विसरत नाही. माझ्याकडे आता तेवढं काम आहे, आणि ते मी मन लावून करते.

परवा त्याने मला जेवायला वर बोलावलं. लुसीबायने दिलेले वाळलेले बोंबील त्याने स्वतः चुलीवर, म्हणजे गॅसवर भाजले होते. घरभर धूर. वहिनीच्या फोटोला हार होता आणि खाली एक मेणबत्तीही लावलेली होती. मी खुर्चीत बसले.

"दादा," मी म्हटलं, "आज तरी सांग. काय सांगते ती म्हातारी?"

त्याने माझ्या ताटात भाकरी टाकली, वर बोंबील ठेवला.

"बस," तो म्हणाला. "आधी दोन घास खा. मग सांगतो."